सख्ख्या भावांची अदलाबदल

"टेपला मोठं काय ते कळतं, उयांगा. कोण कुणाचा, ते टेपला कळत नाही."

कॉलेजातल्या दोल्गोर बाई हे म्हणाल्या तेव्हा उयांगा वसतिगृहाच्या खोलीत सामान बांधत होती. पशुपालनाची पदवी हातात पडलेली, लग्न तोंडावर आलेलं, आणि बाईंनी निरोपाची भेट म्हणून दिलेली नवीकोरी मोजायची टेप तिने माळेसारखी गळ्यात घातलेली. "हो बाई," ती म्हणाली, आणि या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं. मेंढ्याच्या छातीचा घेर, खांद्याची उंची, अंगाची लांबी, शेपटाची रुंदी, ही मापं तिच्याइतकी बिनचूक घेणारी वर्गात दुसरी कुणी नव्हती. मोठं ते चांगलं. यात कळायचं काय राहिलं?

लग्न होऊन ती शावार खोऱ्यात आली. इथली मेंढरं पिवळ्या डोक्याची, बिनशिंगांची, मागे परातीएवढं चरबीचं शेपूट हलवत चालणारी. हे वाण या डोंगरांपलीकडे कुठे सापडायचं नाही. पहिल्याच शरदात तिने सासऱ्यांच्या, जांबलबाबांच्या कळपातला एक तरणा मेंढा मोजला. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून परत मोजला. छाती अशी की टेप लावताना तिला त्याला मिठीच मारावी लागली. लोक त्याला ऊल म्हणू लागले, म्हणजे डोंगर. उयांगा घरोघरी गेली, इतरांच्या मेंढ्यांची मापं घेतली, शेजारी ऊलची मापं ठेवली. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी ऊल. दोन-चार वर्षांत खोऱ्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात ऊलचा एक तरी मुलगा होता.

कोकरं गुबगुबीत निघाली. बाहेरची माणसं मुद्दाम बघायला येऊ लागली. जांबलबाबा पाहुण्यांपुढे चहाचा वाडगा ठेवता ठेवता म्हणत, "आमच्या सुनेनं एका टेपनं खोरं भरलं!" ती खाली मान घालून चुलीत गोवऱ्या सारत असे, पण कान तिकडेच असत.

मग हा यंदाचा वसंत आला.

याच वसंतात तिला मुलगा झाला. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून याचं नाव एनेबिश ठेवलं, 'हा तो नव्हे'. वाईट नजर शोधत आली तर चुकून पुढच्या दारी जावी. आणि याच वसंतात कोकरं तोंडं वाकडी घेऊन जन्माला येऊ लागली. खालचा जबडा आखूड, वरचा ओठ पोपटासारखा पुढे आलेला. आचळ धरता येईना. कितीतरी मेंढ्या गाभणच राहिल्या नव्हत्या, ते वेगळंच.

उयांगा एका मांडीवर बाळाला पाजायची आणि मोकळ्या हाताने कोकराच्या तोंडात बाटली धरायची. बाळ चुटुचुटु ओढायचं. कोकराच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळून तिच्या कोटाची बाही भिजायची. दर पाजण्यानंतर ती बाळाची हनुवटी बोटाने चाचपून बघे.

"अगं, माणसाचं पोर आहे ते," नवरा, मंदाख, म्हणायचा. "दिवसातनं किती वेळा चाचपशील?"

"चाचपू दे. तुझं काय जातं?"

शेजारीपाजारी म्हणाले गवत खराब होतं, कुणी म्हणालं उशिराच्या बर्फानं केलं. उयांगा म्हणाली, "बाबा, मला वाटतं नात्यातल्या नात्यात झालंय."

जांबलबाबा हसलेच. "नात्यात? पोरी, दर तिसऱ्या वर्षी आपला मेंढा नदीपलीकडे द्यायचा नि पलीकडचा आणायचा, हे माझ्या पणजोबापासून चालत आलंय. एकदासुद्धा चुकलो नाही. घरचा मेंढा घरच्या कळपात आम्ही राहू दिलाय का कधी? विचार कुणालाही."

खरंच होतं ते. कुणीच चुकलं नव्हतं. तिची झोप मात्र उडाली.

उन्हाळाभर साऱ्या खोऱ्याचे मेंढे चोइजिल नावाचा म्हातारा एका बाजूच्या घळीत वेगळे राखतो, म्हणजे अवेळी माद्यांना लागून ऐन थंडीत कोकरं पडायला नकोत. शरद सरत आला की मेंढे खट्याळ होतात, मग तो प्रत्येकाच्या पोटाखाली नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड फडकं बांधतो. कडक थंडी सुरू झाली की एक दिवस ठरवून फडकी सोडायची आणि ज्याचा त्याने आपला मेंढा न्यायचा. तो दिवस जवळ येत होता. एकदा मेंढे कळपात शिरले की पुढचा वसंतही असाच जाणार, हे उयांगाला स्वच्छ दिसत होतं. आणि असे आणखी दोन-तीन वसंत गेले, की शावारच्या पिवळ्या डोक्यांत दूध ओढू शकणारं कोकरू शोधावं लागेल.

एका सकाळी ती मंदाखच्या मागे मोटारसायकलवर बसली, बाळाला कोटाच्या आत छातीशी बांधलं आणि घळीत गेली.

"ये ये, टेपवाली सूनबाई!" चोइजिल म्हणाला. "बघ तुझी करामत. एका साच्यातल्या विटा!"

तिने मोजायला सुरुवात केली. मंदाख मेंढा धरायचा, ती टेप लावायची. छाती, खांदा, लांबी, शेपूट. दुसरा मेंढा. तिसरा. कानांवरच्या कापाच्या खुणा निरनिराळ्या, कुणाचा कान टोकाला चिरलेला, कुणाचा मागून अर्धगोल कापलेला. म्हणजे घरं निरनिराळी. मापं मात्र तीच. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. चोइजिल प्रत्येक आकड्याला मांडीवर थाप मारत होता. उयांगाने मात्र टेप खाली घेतली.

"चोइजिलकाका, हा कुणाचा?"

"ओचिरकडचा. पण ओचिरनं तो पलीकडून बदलून आणलेला."

"पलीकडच्याचा बाप कोण?"

"ऊलचा मुलगा, आणखी कोण?"

"आणि बदल्यात ओचिरनं दिला तो?"

"तोही..." चोइजिलचा हात मांडीवर यायच्या आधीच थांबला. "तोही ऊलचाच."

सगळ्यांनी रीत पाळली होती. नदी ओलांडून, मानपानाने, एकमेकांना चहा पाजून त्यांनी भाऊ दिला होता आणि भाऊच घेतला होता.

तिने प्रत्येक मेंढ्याचे मुळासकट उपटलेले केस कागदात बांधले आणि राजधानीतल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वर्गमैत्रिणीकडे पाठवले. काही दिवसांनी टेकडीवर चढून, फोनला रेंज मिळते त्या दगडावर उभी राहून तिने उत्तर ऐकलं. "उयांगा, पुड्यांवर वेगवेगळ्या घरांची नावं का लिहिलीस गं? हा तर एकाच अंगणातला गोतावळा आहे."

आता प्रश्न उरला होता तो एवढाच, की दुसरं रक्त आणायचं कुठून. परक्या वाणाचा मेंढा आणला तर पिवळी डोकी दोन पिढ्यांत पुसली जाणार. तिने सासऱ्यांना विचारलं. त्यांनी तपकिरीची बाटली काढून चिमूटभर ओढली.

"एक आहे," ते म्हणाले. "पागमावहिनी. पण ती द्यायची नाही."

पागमा ही त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. ऊलची पोरं घरोघर चालली होती तेव्हा तिच्याकडे आलेलं पोर तिने एकटीने दारातून परत पाठवलं होतं. तिची मेंढरं चिमुकली, म्हणून जांबलबाबा चारचौघांत म्हणाले होते, "वहिनी, तुमच्याकडे मेंढरं आहेत का उंदरं?" सगळे हसले. ती तंबू उपसून खुरेन खिंडीपलीकडे गेली, ती परत उतरलीच नाही.

"मी जाते," उयांगा म्हणाली.

"आणि तिनं हाकललं तर?"

"तर पुन्हा जाईन. तुम्ही फक्त आपल्या घळीतल्या मेंढ्यांतला एक गाडीत चढवून द्या, छातीनं भरलेला. रिकाम्या हातानं मी मागत नसते."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग मंदाखकडे. "हिचं डोकं फिरलंय की आपलं, ते आल्यावर बघू," म्हणाले आणि मेंढा धरायला उठले.

खिंडीच्या माथ्यावर दगडांच्या राशीला तीन फेऱ्या घालून, वर एकेक दगड ठेवून ते पलीकडे उतरले. उजाड उताराच्या कुशीत एकच तंबू होता.

"कुत्रा आवरा!" मंदाखने रिवाजाप्रमाणे गाडीतूनच हाक दिली.

"कुत्रा मेला गेल्या साली," आतून आवाज आला. "आता मीच भुंकते. या."

पागमा दारात आली. उंच, वाकलेली, जाड कोटावर कमरेला निळा पट्टा. "कोण, जांबलची सून? ती टेपवाली? इतक्या वर्षांनी?"

"हो, मोठी आई. शरद सुखाचा चाललाय ना? मेंढरं लठ्ठ आहेत ना?"

"लठ्ठ कशी असतील? उंदरं ती. उंदरं लठ्ठ झाली तर बिळात शिरतील कशी?"

मंदाख खोकला. उयांगा हसली आणि आत गेली. बाळाला खाली सोडायच्या आधी तिने त्याच्या कमरेची दोरी पलंगाच्या पायाला बांधली, चुलीपर्यंत पोचणार नाही एवढीच. पागमाने ते बघितलं. "शहाणी आहेस. माझी चूल वाईट आहे." मग बाळाकडे वळून, "काय कुरूप पोरगं आहे गं! ई, नाकच नाही याला!" कौतुकाने नजर लागते म्हणून असं बोलायचं असतं, उयांगाला इतक्या दिवसांत कुणी इतकं मनापासून बरं बोललं नव्हतं.

चहा झाला. उयांगाने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वाकडी तोंडं, सारखी मापं, केसांचा निकाल. "तुमचे दोन मेंढे हवेत, मोठी आई. बदल्यात गाडीतला घ्या."

पागमा बाहेर जाऊन मेंढ्याभोवती फिरली. "हे पिंप? खिंडीत पाय घसरला की घरंगळत तुमच्याच दारात परत येईल."

"येऊ दे. पण त्याआधी तुमच्या माद्यांना नवं रक्त देऊन येईल. तुमचाही कळप एवढासा, तोच मेंढा, त्याच माद्या. तुमच्याकडे आज वाकडी तोंडं नाहीत, उद्या होतील. आम्हाला तुमचं हवंय, तुम्हाला आमचं. कुणाचे कुणावर उपकार नाहीत."

म्हातारी तिच्याकडे वळली. "पदवीवाल्या मुली उंटावरनं शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. तू तर सरळ तोंडावर बोलतेस. जांबलला एवढं जमलं असतं तर मी खिंड कशाला चढले असते? जा, मोज माझी उंदरं."

उयांगाने मोजली. एकाची छाती अरुंद, पण पाय हरणाचे. दुसरा ठेंगणा नि लांबलचक. तिसऱ्याचं शेपूट तळहाताएवढं आणि दात बघत राहावेत असे. एकाचं एक माप दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कॉलेजात असती तर तिने नाक मुरडलं असतं. आता तिला वाटलं, हेच तर हवं होतं. पिवळी डोकी सगळी, पण प्रत्येक जण आपापल्या वळणाचा.

"झालं? आता मला मोज," पागमा म्हणाली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. "माझ्या छातीचा घेर किती ते कळू दे एकदा. बसतेय का मी तुझ्या ऊलच्या पोरांत?"

मंदाख हसत सुटला. उयांगानेही हसत हसत टेप तिच्या काखेखालून नेली. कोट जाड होता, पण टेप आवळली तशी तो आत आत जात राहिला. बोटांना फासळ्या लागल्या, एकेक मोजता यावी अशी. पट्ट्यावर जुन्या गाठीची विरलेली घडी होती; आताची गाठ तिच्यापासून कितीतरी पुढे सरकली होती. उयांगाने टेप सैल केली. तिने आकडा ओरडून सांगितला, चांगला बोटभर वाढवून.

"बघ! धष्टपुष्ट!" पागमा म्हणाली.

"मोठी आई, जेवता ना?"

"दात नाहीत. चहा पुरतो."

"खाली चला आमच्याबरोबर. हिवाळा तेवढा."

"आणि मेंढ्या कोण बघेल? हे पिंप?" तिने विषय झटकला. मग दोन मेंढ्यांच्या माथ्यावरचे थोडे थोडे केस कापून ठेवून घेतले, घरातलं भाग्य घरात राहावं म्हणून, आणि हरणपायाला व ठेंगण्याला गाडीत चढवलं.

ठरलेल्या दिवशी घळीत सगळी बिऱ्हाडं जमली. गाडीतून पागमाचे मेंढे उतरले आणि हशा पिकला.

"जांबल, मेंढे वाटेत धुतलेस का? आटलेत पार!"

"अरे, ते मेंढे नव्हेत. मेंढ्यांची पोरं घेऊन आलीय सून."

जांबलबाबांचे कान लाल झाले. उयांगाने बाळाला मंदाखकडे दिलं आणि पुढे झाली. "हसून झालं की एक काम करा. इथं बसलेला कुणीही हजार मेंढरांत आपलं मेंढरू ओळखतो. बरोबर ना?"

"अंधारात ओळखू!" ओचिर म्हणाला.

"मग उजेडात ओळखा."

तिने आणि चोइजिलने फडकी सोडायला घेतली आणि पोटाखालचं प्रत्येक फडकं त्याच मेंढ्याच्या डोक्यावर गुंडाळलं, कान झाकून. लोक पोट धरून हसले. असा अवतार बापजन्मात कुणी बघितला नव्हता. मेंढेही बावरून एकमेकांना धडका देऊ लागले.

"ओचिरदादा, तुम्ही पहिले."

ओचिर ऐटीत गेला, एकाच्या पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्याचं शेपूट दाबलं, परत पहिल्याकडे आला. "हा!" फडकं उचललं. कान दुसऱ्याचाच. त्याला ओरडून परत बसवलं. दुसरा गेला, त्याने ओचिरचाच मेंढा आपला म्हणून धरला. तिसऱ्याच्या वेळी हसणं कमी झालं. चौथ्याच्या वेळी कुणी हसलं नाही. आपलं जनावर आपल्याला ओळखू येऊ नये, यापेक्षा मोठी नामुष्की या खोऱ्यात नाही.

सगळ्यात शेवटी जांबलबाबा उठले. त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक मेंढ्यासमोर उभे राहिले, कंबर दाबून बघितली, पाय उचलून बघितले. "हा माझा," म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कसलीही शंका नव्हती.

फडकं निघालं. कान मागून अर्धगोल कापलेला. ओचिरची खूण.

"एकच घर आहे हे," उयांगा म्हणाली. "ऊलला मी निवडलं, मीच वाटलं. आता हे दोन मी आणलेत. दोघं मिळून सगळ्या खोऱ्याला पुरणार नाहीत. म्हणून यंदा प्रत्येकानं आपल्या निवडक माद्या यांच्याकडे द्यायच्या, बाकीच्या रिकाम्या राहू द्या. कोकरं कमी पडतील. पण पडतील ती दूध पितील. पुढच्या साली यांचे मुलगे, आणि मोठ्या आईकडचे नर खच्ची न करता ठेवायचे. मापं मी घेईन, पण यापुढे आईबाप विचारल्याशिवाय टेप लावणार नाही."

माद्या रिकाम्या ठेवायच्या हे सोपं नव्हतं. जांबलबाबांनी आपली टोपी सारखी केली, हरणपायापाशी गेले आणि त्याची दोरी स्वतःच्या हातात घेतली.

"वहिनीचा मेंढा पहिला माझ्या कळपात," ते म्हणाले. "आणि कुणी उंदीर म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे."

"पहिले तूच म्हणाला होतास की रे!" चोइजिल म्हणाला, आणि मग सगळेच मोकळे हसले. संध्याकाळपर्यंत कुठल्या माद्या कुणाच्या मेंढवाड्यात जाणार ते ठरलं. भांडणं झाली, पण ती नुसती पाळ्यांची.

आता माद्या गाभण आहेत. उयांगा रोज मेंढवाड्यात फिरते, पोटं दाबून बघते. कोकरं चांगली येतील, यात तिला संशय नाही.

जीव लागून राहिलाय तो खिंडीपलीकडे. मेंढे सुखरूप पोचल्याचा निरोप आणि मऊ खाणं घेऊन जांबलबाबा आणि मंदाख एकदा निघाले होते. अर्ध्या वाटेवर बर्फाने परत फिरवलं. तिकडे फोन लागत नाही. तुम्ही मालट्रकवाले असाल, टपाल नेणारे असाल, हरवलेला घोडा शोधत तिकडे जाणारे असाल, तर उयांगाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. खुरेन खिंड उतरल्यावर उजव्या हाताला, उताराच्या कुशीत एक तंबू आहे. तिथे थांबा. पागमा नावाची म्हातारी आहे. ती म्हणेल मी धष्टपुष्ट आहे, ऐकू नका. तुमच्यासमोर तिला काहीतरी खाऊ द्या, पिठाची पातळ पेज का होईना. ती खाईपर्यंत बसा. आणि लांबून चुलीचा धूर दिसला, म्हणजे ठीकच असेल असं समजून पुढे जाऊ नका. धूर दिसला तरी आत जा.